गच्चीलाही सांडवा लागतो

मृग लागून चारच दिवस झाले होते. आदल्या संध्याकाळी मेहकर तालुक्यातल्या त्या गावात पहिला जोराचा पाऊस झाला आणि सकाळी मी 'पेरणीची घाई करू नका' हे सांगायला गेलो. दरवर्षीचेच काम. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन चांगली भिजल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, हे सांगता सांगता आमचा घसा बसतो. ऐकणारे मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी तिफण जुंपतात. पण त्या दिवशी पारावर पेरणीचे कोणी बोलतच नव्हते. मंडळींनी मला थेट एका घरी नेले.

घरधनी साठीकडे झुकलेले, सहा एकरांचे धनी. ओसरीत ताडपत्रीवर तीन कट्टे उपडे केलेले आणि दोघे नवरा-बायको दाणे पसरत बसलेले. घरचे राखलेले सोयाबीनचे बियाणे, साठ किलोचा एकेक कट्टा. एकरी तीस किलो धरले तर सहा एकरांना बरोबर पुरणारे. दाणे फुगले होते, साल सुटून आतली दळे उघडी पडली होती.

"साहेब, मे महिन्यात तुमच्याच समोर मोजलं होतं ना? शंभरात चौऱ्याऐंशी उगवले होते. आता हे पाहा. दोन वर्षं नाही झाले स्लॅब टाकून, अन् एका पावसात गळला!"

मी वर पाहिले. छत कोरडे ठणठणीत. चुन्यावर कुठे डाग नाही, पंख्याच्या हुकाशी ओल नाही. जिन्याच्या पायऱ्या मात्र ओल्याच होत्या आणि बियाण्याचे कट्टे रचले होते ते त्याच जिन्याखाली. वर गेलो तर गच्चीचे तळे झालेले. चारी बाजूंनी विटांचा तीन फुटी कठडा, छान गिलावा केलेला. जिन्याच्या दाराचा उंबरठा जेमतेम अडीच इंच. पाणी अजून उंबरठ्याच्या बरोबरीने उभे होते आणि त्यावर निंबाचा पाला तरंगत होता. कोपऱ्यात चाचपून पाहिले तेव्हा हाताला दोन इंची पाइपाचे तोंड लागले. त्यात तुरीचे कुटार आणि पोराच्या वहीचा कागद यांचा बोळा बसला होता. तो ओढला तसा पाण्याला भोवरा पडला. सगळे पाणी उतरायला पाऊण तास लागला.

म्हणजे स्लॅब गळला नव्हता. मिस्त्रीने तो इतका पक्का टाकला होता की एक थेंब खाली उतरू दिला नाही. पाणी जिन्याने, एकेक पायरी उतरत, घरात आले होते.

आमच्या खात्याचे काम शेतापुरते. घराचे छत आमच्याकडे येत नाही. पण तो बोळा हातात धरून उभा असताना मला शेततळ्याची आठवण झाली. शेततळे आखताना आम्ही दोन वाटा आधी ठरवतो. पाणी आत येण्याची आणि जास्तीचे पाणी बाहेर जाण्याची. दुसरीला सांडवा म्हणतात. नालाबांध असो की पाझर तलाव, सांडवा नसला तर नकाशाच मंजूर होत नाही, कारण मातीच्या बांधावरून एकदा पाणी गेले की बांध राहत नाही, हे कुळवाच्या मागे चालणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. आणि तोच शेतकरी घर बांधतो तेव्हा डोक्यावर चारी बाजूंनी बांध घालून तळे तयार करतो. त्याला सांडवा ठेवत नाही. आत येणारा पाऊस हजार चौरस फुटांचा, बाहेर जायची वाट दोन इंचांची.

पाऊस किती, पाइप किती

त्या दिवशी मंडळाच्या पर्जन्यमापकावर ५२ मिलिमीटरची नोंद झाली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पडला तर आपण अतिवृष्टी म्हणतो, पंचनाम्याची भाषा तिथून सुरू होते. म्हणजे ही अतिवृष्टीही नव्हती. पण चोवीस तासांचा आकडा पिकाच्या आणि पंचनाम्याच्या कामाचा. छताला तो उपयोगी पडत नाही. छताला विचारायचे असते ते असे की, पाऊस जोरात होता तेव्हा किती वेगाने पडत होता? ते ५२ मिलिमीटर जवळजवळ सगळे पाऊण तासात पडले. तासाचा हिशेब केला तर वेग सत्तर मिलिमीटर निघतो.

हिशेब अगदी सोपा आहे आणि प्रत्येकाने आपल्या घराचा करून पाहावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. त्यावर ५२ मिलिमीटर पडला म्हणजे ४,८०० लिटरच्या वर पाणी झाले, जवळजवळ एक पाच हजार लिटरचा टँकर. उन्हाळ्यात ज्या टँकरची आपण दारात वाट पाहतो तोच टँकर पाऊण तासात कोणी छतावर रिकामा केला, असे समजा.

आता तासाला शंभर मिलिमीटरच्या वेगाने पाऊस आला तर? आपल्याकडे वळवाचा किंवा हस्ताचा एखादा सडाका दहा-पंधरा मिनिटे तरी तेवढा जोर धरतोच. तेव्हा त्याच छतावर सेकंदाला अडीच लिटरांहून जास्त पाणी उतरते. वीस लिटरचा डबा आठ सेकंदांत भरेल. त्याच वेगाने ते बाहेर गेले पाहिजे, नाहीतर साचणार.

इमारत बांधकामाच्या राष्ट्रीय संहितेत यासाठी कोष्टक दिले आहे. तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरला तर १०० मिलिमीटर व्यासाच्या, म्हणजे आपल्या चार इंची उभ्या पाइपाला ४२.७ चौरस मीटर छताचे पाणी झेपते. चौरस फुटांत साडेचारशेच्या आसपास. तीन इंची पाइपाला २०.४ चौरस मीटर. आणि दोन इंचीला? फक्त ६.६ चौरस मीटर, सत्तर चौरस फूट! एका न्हाणीघराच्या छतापुरते. ज्या घराची मी गोष्ट सांगतो त्याला चार इंचीचे दोन पाइप अगदीच कमी पडले असते, तीन असते तर निर्धास्त. होता तो दोन इंचीचा एक. कुटाराचा बोळा नसता तरी मोठ्या पावसात तळे झालेच असते.

इथे गावोगाव एक गैरसमज आहे. दोन इंचीचे दोन पाइप म्हणजे चार इंचीचा एक, असे मिस्त्रीही सांगतात. वर दिलेले आकडे पुन्हा पाहा. दोन इंचीचे सहा बसवले तरी चार इंचीच्या एकाची बरोबरी होत नाही, आणि सहाही तोंडे पहिल्याच वाऱ्यात पाल्याने बुजतात ते वेगळेच. पाइपाच्या किमतीतला फरक घराच्या एकूण खर्चात हरवून जातो. स्लॅबला लोखंड किती घातले हे आपण सोयऱ्या-धायऱ्यांना अभिमानाने सांगतो, पण पाणी जायचा पाइप मात्र दुकानात जो पडलेला असेल तो आणतो.

धाब्याची पन्हाळ

आपल्या जिल्ह्यात सपाट छत काही स्लॅबबरोबर आलेले नाही. घाटाखालच्या जुन्या गावांत धाब्याची घरे अजून उभी आहेत. मराठवाड्यात त्याला माळवद म्हणतात. तुळया, त्यावर आडव्या सऱ्या, त्यावर किलचण, मग पाला-काड्यांचा थर आणि वर माती. वरचा हात खाऱ्या मातीचा. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि आपल्या बुलढाण्यात पसरलेला खारपाण पट्टा शेतकऱ्याला नको नको करतो, त्याच जातीची ही माती. तिच्यात सोडियम जास्त. पाणी पडले की बारीक कण सुटे होतात, फुगतात आणि फटी बुजवून टाकतात. शेतात याच गुणापायी जमीन चोपण होते, पाणी वर साचते, मुळ्या गुदमरतात आणि आम्ही जिप्सम टाका म्हणून सांगतो. धाब्यावर हाच गुण हवा असतो. शेतातला दोष छतावर गुण ठरला, हे आपल्या आज्या-पणज्यांनी कोणत्या प्रयोगशाळेत न जाता ओळखले होते.

पण नुसत्या मातीवर त्यांचा भरवसा नव्हता. धाब्यावर पाणी थांबले तर माती भिजून जड होते आणि भिंतीही मातीच्याच, हे त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून पन्हाळी. कोरलेल्या लाकडाच्या, पुढे पत्र्याच्या. एका बाजूला दोन-तीन सहज दिसतात आणि त्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे काढलेल्या असतात. हेमाडपंती देवळाच्या उत्तर अंगाला अभिषेकाच्या पाण्याची पन्हाळ असते तीही अशीच पुढे आलेली असते, म्हणजे पाणी भिंत चाटत खाली येत नाही. धाब्याला उंच कठडा नसे. एखादी पन्हाळ बुजली तर पाणी दुसरीने जाई, दोन्ही बुजल्या तर काठावरून ओसंडून जाई. ओसंडल्याने भिंतीचा थोडा पोपडा पडेल, पण पाणी माजघरात उतरत नसे. सांडवा हा शब्द कोणी वापरला नाही, पण सांडवा होता.

आणि रोहिणीत धाब्यावर चढायचे, भेगा बुजवायच्या, माती चोपून घ्यायची, पन्हाळीत हात घालून उंदराची बिळे अन् चिमण्यांचा काडीकचरा काढायचा, हा नेम होता. नेम चुकला की आजी घर डोक्यावर घेई.

धाब्याचे गोडवे गाताना एक गोष्ट मात्र लपवू नये. ढाळ बिघडला, छत गळू लागले की त्यावर सोपा इलाज म्हणजे आणखी माती. दरवर्षी चार टोपली. वीस-पंचवीस वर्षांत थर फूटभर, कुठे दोन फुटांपर्यंत जाई. फूटभर माती म्हणजे दर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास ओझे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली माणसे झोपेत होती. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यावर जड माळवदे. भिंती सुटल्या आणि माळवदे अंगावर आली. सुमारे आठ हजार माणसे गेली. पाणी बाहेर काढायची वाट नीट न करता नुसते वर वर लिंपत राहिले, तर ओझे कुठवर वाढते हे तिथे दिसले.

स्लॅबवर माती नसते, पण साचलेल्या पाण्यालाही वजन आहे. हजार चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे २,३६० किलो. सोयाबीनचे साठ किलोचे एकोणचाळीस कट्टे झाले. चार इंच साचले तर साडेनऊ टनांच्या आसपास. चांगला स्लॅब तेवढ्याने पडत नाही, माणसे वावरतील अशा गच्चीसाठी चौरस मीटरला सुमारे दीडशे किलोचे वरचे ओझे धरलेले असते. पण चार इंच पाणी त्यातले शंभर किलो एकटे खाते. वर तुरीची थप्पी असेल, विटा रचून ठेवल्या असतील, तर बाकी काय उरले ते आपणच पाहा. शिवाय थांबलेले पाणी बारीक भेगेतून गजापर्यंत जाते, गज गंजून फुगतो आणि दहा-पंधरा वर्षांत खालून पोपडे पडू लागतात. तेव्हा आपण सिमेंटच्या कंपनीला नाव ठेवतो.

मग करायचे काय

घर बांधायला काढले असेल तर पाइपाची जागा स्लॅब टाकण्याआधी ठरवावी आणि तोंड तेव्हाच बसवावे. मागाहून छिन्नीने भोक पाडले की नेमके तिथेच गळते. ढाळ शंभराला एक तरी हवा, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंच. मिस्त्री 'अंदाजाने देतो' म्हणाला तर त्याला मान द्यावा, पण लेवल नळी लावूनच घ्यावी. कोबा झाल्यावर पैसे देण्याआधी सर्वात दूरच्या कोपऱ्यात एक घागर ओतावी. पाणी न थांबता तोंडापर्यंत आले तर ढाळ बरोबर. मध्ये कुठे ताटाएवढे डबके राहिले तर ते आत्ताच दाखवावे, कारण नंतर तो मिस्त्री दुसऱ्या गावी असतो.

आता तोंडाविषयी थोडे जास्त बोलतो, कारण बहुतेक गच्च्यांचे दुखणे तिथेच असते. पाइप कितीही मोठा असो, पाणी त्यात शिरायला तोंडावर पाण्याची थोडी उंची लागते. ती उंची साऱ्या गच्चीवर साचण्यापेक्षा तोंडाशीच मिळावी म्हणून तिथे हातभर लांबी-रुंदीचा, दीड-दोन इंच खोल, ताटासारखा खळगा ठेवतात. विहिरीच्या मोटेला जसा थारोळ्याचा उपयोग, तसा याचा. कठडा जिथे स्लॅबला मिळतो त्या कोपऱ्यात सिमेंटची गोल वाट काढून घ्यावी, काटकोन ठेवला तर पहिली भेग तिथेच पडते. तोंडावर जाळी हवी, पण सपाट नको. सपाट जाळी पिंपळाच्या दोन पानांनी बंद होते. टोपीसारखी उभी जाळी मिळते, तिच्या पायाशी पाला अडकला तरी वरून पाणी जात राहते. आपल्या गच्चीवर तूर वाळते, मिरची वाळते, कुरड्या-पापड होतात, पोरे अभ्यास करतात, पतंग उडवतात. कचरा होणारच. तो होऊ नये असे म्हणण्यात अर्थ नाही.

म्हणूनच तोंडे एकाहून जास्त हवीत. प्रधानमंत्री आवास योजनेतले ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे असते. कोष्टकाप्रमाणे चार इंची एक पाइप त्याला भरपूर झाला. तरी मी दोन ठेवा म्हणेन, समोरासमोरच्या टोकांना नाही जमले तर एकाच बाजूला, पण दोन. एक बुजला तर दुसरा आहे.

आणि शेवटी सांडवा. कठड्यात, सखल बाजूला, एक फूट रुंद आणि चार इंच उंच अशी खिडकी ठेवायची. तिचा तळ गच्चीच्या तिथल्या पातळीहून दोन इंच वर. रोजच्या पावसात तिला काम नाही. पाइप बुजले, किंवा कधी नव्हे असा पाऊस आला, की पाणी दोन इंच चढून तिच्यातून बाहेर पडू लागते. त्या खिडकीतून दोन इंच जाडीची धार पडली तर सेकंदाला पाच लिटरांच्या वर पाणी जाते, म्हणजे मघाच्या हजार चौरस फुटी छतावर तासाला शंभर मिलिमीटरने पडणाऱ्या पावसाच्या दुप्पट. जिन्याच्या दाराचा उंबरठा या खिडकीच्या तळाहून चार इंच तरी उंच हवा. कठडा आधीच बांधलेला असेल तरी दोन-तीन विटा काढून हे काम एका दिवसात होते. २२ जुलै २०२३ ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत जे झाले ते आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. त्या दिवशी गावांत शिरले ते नदी-नाल्यांचे पाणी होते, त्याला गच्चीची खिडकी काय करणार? पण असा पाऊस आपल्याकडे होतो, एवढे तरी त्या दिवसाने दाखवले. सांडवा अशाच दिवसासाठी असतो, बाकी वर्षभर तो कोरडा दिसला म्हणून बुजवू नये.

आता गच्चीवरून निघालेले पाणी पडते कुठे? गावातली निम्मी भांडणे इथे सुरू होतात. एकाची पन्हाळ दुसऱ्याच्या भिंतीवर, दुसऱ्याचे न्हाणीचे पाणी तिसऱ्याच्या दारात. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून समितीपुढे येणाऱ्या अशा तक्रारींना मीही एक-दोनदा बसलो आहे. छताचे पाणी शेजाऱ्याच्या जागेत पडू देण्याची वहिवाट हा कायद्याने मानलेला विषय आहे, १८८२ चा कायदा आहे त्यावर. वीस वर्षे उघडपणे, बिनतक्रार, हक्काने पाणी पडत आले असेल तर वहिवाटीचा दावा उभा राहू शकतो. पण जुन्या धाब्याच्या दोन पन्हाळींची वहिवाट दाखवून नव्या स्लॅबचे सगळे पाणी एका धारेने शेजाऱ्याच्या जोत्यावर सोडायचे, हे न्यायाचे नाही. बांधकाम काढताना शेजाऱ्याला हाक मारून पाइप कुठे उतरणार हे दाखवले तर पुढचे खेटे वाचतात.

स्वतःच्या जोत्याशीही पाणी सोडू नये. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. एका कोपऱ्याशी पावसाळाभर धार पडत राहिली तर तो कोपरा वर-खाली होत राहतो आणि खिडकीच्या कोनापासून तिरपी भेग निघते. पाइप खाली उतरवून तीन-चार फूट दूर फरशीवर किंवा नालीत सोडावा.

घाटाखालच्या खारपाण गावांत तर हे पाणी नालीत सोडणेही जिवावर येते. जमिनीखाली खारे पाणी, आणि आकाशातून गोडे पाणी फुकट. वर्षाला साडेसातशे मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला पाचवा हिस्सा उडण्या-सांडण्यात गेला असे मानले, तरी हजार चौरस फुटी गच्चीवरून पंचावन्न हजार लिटर पाणी मिळते. २००२ च्या शिवकालीन पाणी साठवण योजनेपासून आम्ही सारे हे सांगत आलो. टाक्या बांधल्याही गेल्या. पण अनेक ठिकाणी टाकी कोरडी आणि गच्ची ओली, असे चित्र मी पाहिले आहे, कारण मधला पाइप अर्ध्या कामात राहिला. टाकीचे उद्घाटन होते, पाइपाचे कोणी करत नाही. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी छताची धूळ आणि पाखरांची घाण घेऊन येते, ते बाहेर सोडायला एक तोटी ठेवावी आणि मगच पाणी टाकीत घ्यावे. साठवायचे म्हटले तरी टाकी भरल्यावर पुन्हा प्रश्न तोच. तिलाही वरून सांडायला वाट हवी.

आता त्या मेहकरकडच्या घराचे सांगतो. भिजलेल्या बियाण्याची उगवण आम्ही पुन्हा तपासली. सावलीत वाळवून, गोणपाटात शंभर दाणे मांडून. एकतीस उगवले. सत्तरच्या खाली गेले तर बियाणे वाढवून पेरा म्हणता येते, एकतीसला काय म्हणणार? ते डाळवाल्याला-तेलवाल्यालाही कोणी दिले नसते. जनावरांपुढेही सगळे टाकता येईना. कृषी केंद्रातून उधारीवर विकतचे बियाणे आणून पेरणी झाली, चार दिवस उशिरा. एकरी खर्च किती वाढला तो हिशेब घरधनिणीने तोंडपाठ ठेवला आहे, मला प्रत्येक भेटीत ऐकावा लागतो.

मिस्त्रीला बोलावले. तो आधी तयार नव्हता. "साहेब, कठड्याले भोकं पाडली तं घराची शोभा जाईन."

घरधनीण जिन्यात उभी होती. ती म्हणाली, "बियाणं जिन्यात सडलं ती शोभा होती का भाऊ?"

पुढे कोणी काही बोलले नाही. चार इंचीचे तीन पाइप बसले, उभ्या जाळ्या बसल्या, उंबरठा एका विटेने वाढला आणि रस्त्याकडच्या कठड्यात दोन खिडक्या निघाल्या. खिडक्या मुद्दाम रस्त्याच्या बाजूला, अंगणातून दिसतील अशा काढायला लावल्या. जुनी दोन इंची तशीच राहू दिली.

आर्द्रा संपता संपता रात्री नऊच्या सुमारास फोन आला. आवाज खुशीत होता. "साहेब, लय पाऊस हाय. सांडव्यातून धार पडून राह्यली! जिना कोरडा!"

"दोन्ही खिडक्यांतून पडते?"

"एकातूनच. चिंचेच्या बाजूच्या."

"पाऊस कसा आहे? मागच्यासारखा?"

"तेवढा नाही. बरा हाय."

मग धार पडायला नको होती. तीन पाइप उघडे असते तर एवढ्या पावसाला पाणी दोन इंच चढले नसते. त्या बाजूचा पाइप कुठेतरी अडला असणार. अंधारात वर जाऊ नका, सकाळी जाऊन पाहा, म्हणून सांगितले.

सकाळी सातला पुन्हा फोन. जाळी कोणीतरी काढून बाजूला ठेवली होती आणि पाइपाच्या तोंडात नातवाचा प्लास्टिकचा चेंडू अगदी मापाने बसला होता.